तिचंच चुकलं

सरकारबद्दल बोलताना आमच्या भिशीतल्या बायका जरा चाचरतात. सुनेबद्दल बोलताना तर फारच, कारण इकडचं तिकडे कोण पोचवेल सांगता येत नाही. पण महीप कपूरबद्दल मत द्यायला कुणालाही तयारी लागत नाही. "तिचंच चुकलं," असं म्हणून सांबारवडीचा पुढचा तुकडा तोंडात जातो आणि प्रकरण निकाली निघतं. जी बाई आपल्याला जन्मात भेटणार नाही, जिच्या एका पर्सच्या किमतीत आमच्या भिशीचे दोन फेरे सहज पूर्ण होतील, तिच्या संसारावर नागपुरातल्या प्रतापनगरच्या एका हॉलमध्ये बसून दिलेला हा निकाल. त्यावर अपील नाही.

महीप म्हणजे अभिनेता संजय कपूरची बायको. आम्ही तिला ओळखतो ते नेटफ्लिक्सच्या 'फॅब्युलस लाइव्ह्ज ऑफ बॉलीवूड वाइव्ह्ज'मुळे. पहिला हंगाम २७ नोव्हेंबर २०२० ला आला. करोनाचं वर्ष. भिशी मार्चपासून बंद, मंगळागौरी बंद, शेजारणीशी बोलायचं तरी दोन्ही दारं धरून आणि तोंडाला फडकं बांधून. अशा वेळी मुंबईतल्या चार मैत्रिणी पडद्यावर एकमेकींच्या घरी जात होत्या, दोहाला सहलीला जात होत्या, रुसत होत्या, एकमेकींची समजूत काढत होत्या. महीप, चंकी पांडेची भावना, तेव्हा सोहेल खानची असलेली सीमा, आणि नीलम. नीलमला मात्र आमच्यात 'अमक्याची बायको' असं कुणी म्हटलं नाही. ती १९८६ च्या 'इल्जाम'मधली, १९८७ च्या 'खुदगर्ज'मधली, गोविंदाबरोबरची नीलम. 'खुदगर्ज' आपण पंचशीलला पाहिला की लिबर्टीला, यावरून आमच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर जी चकमक झाली ती मालिकेतल्या कुठल्याही चकमकीपेक्षा कमी नव्हती.

त्या वर्षी ही मालिका बघणं म्हणजे थोडं चोरून खाण्यासारखं होतं. जूनमध्ये सुशांतसिंह राजपूत गेला होता, सिनेमातल्या घराणेशाहीवर देशभर संताप होता, आणि त्या संतापाचा एक मोठा रोख ज्या करण जोहरवर होता त्याच्याच कंपनीनं ही मालिका काढली. सिनेमावाल्यांच्या बायका, त्यांची मुलं, महीपच्या मुलीचा पॅरिसमधल्या 'ल बाल' या बड्या घरच्या मुलींच्या समारंभातला नाच. लोकांनी नावं ठेवली आणि बघितलीही. नावं ठेवत ठेवत बघण्याची मजा वेगळीच असते, हे आपल्या लग्नसमारंभांतून कुणालाही ठाऊक आहे. दुसरा हंगाम २ सप्टेंबर २०२२ ला आला, तिसरा १८ ऑक्टोबर २०२४ ला. तिसऱ्यात दिल्लीच्या तिघी आणल्या, ऋषी कपूरची मुलगी रिद्धिमा, शालिनी पासी आणि कल्याणी साहा चावला, आणि मालिकेच्या नावातच 'व्हर्सेस' घातलं. म्हणजे भांडण होईल की नाही ही काळजी प्रेक्षकांना राहू नये.

माझी मुलगी विचारते, "आई, तू हे काय बघत असतेस?" मी सांगते, पडदे बघते. हे खोटं नाही. श्रीमंतांच्या घरातले पडदे, कप ठेवायची पद्धत, मोलकरणीशी बोलण्याचा सूर, हे सगळं मी बघतेच.

कल्पना मूळची अमेरिकेची. २१ मार्च २००६ ला ब्राव्हो वाहिनीवर 'द रिअल हाउसवाइव्ह्ज ऑफ ऑरेंज काउंटी' सुरू झाली. कॅलिफोर्नियातली एक फाटकबंद वसाहत आणि तिथल्या पैसेवाल्या बायका. मग न्यूयॉर्क झालं, अटलांटा, न्यू जर्सी, बेव्हर्ली हिल्स झालं, २०२२ मध्ये दुबईही झाली. यातली युक्ती साधी आणि जबरदस्त आहे. पार्टीत दोघींची वादावादी होते ती एक चित्रफीत. मग त्यातल्या एकीला नंतर कधीतरी एकटीला खुर्चीत बसवून विचारतात, तेव्हा तुझ्या मनात काय होतं? तिचं ते उत्तर वादावादीच्या मधोमध कापून जोडतात. त्यामुळे समोरची बाई जे बोलते आहे ते आणि हिच्या पोटात जे चाललं आहे ते आपल्याला एकाच वेळी कळतं. खऱ्या आयुष्यात हे कुणाच्या नशिबी नाही. आपण आपल्या सख्ख्या बहिणीच्या पोटातलं ओळखू शकत नाही, पण सोफ्यावर बसून ऑरेंज काउंटीतल्या बाईच्या पोटातलं जाणतो. मग न्यायाधीश व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकेत हंगाम संपला की सूत्रधार अँडी कोहेन सगळ्यांना समोरासमोर बसवून झाडाझडती घेतो. आमच्याकडे ते काम भिशी करते.

आमच्या भिशीत दर महिन्याला ठरलेली रक्कम जमते, चिठ्ठी निघेल तिला भिशी लागते, आणि तिच्याच घरी पुढची बैठक. पैशाचं म्हणाल तर बँकेत ठेवले असते तर बरे, हे आमच्यातल्या निवृत्त बँकवाल्या ताई दरवर्षी नव्यानं सांगतात आणि दरवर्षी पहिली रक्कम त्याच भरतात. खरी गोष्ट खाण्याची आणि बोलण्याची. कुणाकडे पाटोडीचा रस्सा, कुणाकडे सांबारवडी, हौशीच्या घरी तंबोला. आडनावानं आम्ही एकमेकींना फारशा ओळखत नाही. लक्ष्मीनगरवाल्या, त्रिमूर्तीनगरवाल्या, बजाजनगरवाल्या काकू, अशीच हाक मारायची रीत आहे.

यातल्या लक्ष्मीनगरवाल्या आणि त्रिमूर्तीनगरवाल्या शाळेपासूनच्या मैत्रिणी. एकीच्या मुलाच्या साखरपुड्याचं आमंत्रण दुसरीला गेलं नाही. माणसं मोजकी होती, हॉल लहान होता, असं कारण नंतर कानावर आलं. त्यावरून त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एकमेकींना 'अहो' म्हणू लागल्या. सगळ्या आयुष्याचं 'अगं' होतं ते गेलं आणि "तुम्ही चहा घेणार का?" असं एक दुसरीला म्हणाली, तेव्हा बाकीच्या सगळ्या ताटलीतल्या वडीकडे टक लावून बघत होत्या.

त्यांचं भांडण अखेर झालं, पण महीप-भावना-सीमाच्या नावानं झालं. पार्टीला कुणाला बोलवायचं आणि कुणाला गाळायचं हा असल्या मालिकांचा कायमचा कच्चा माल. बोलण्याच्या ओघात तो विषय निघाला.

"इतक्या वर्षांची मैत्री आहे म्हणता, तर बोलवायला काय जातं?" त्रिमूर्तीनगरवाल्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या.

"बोलावलं नाही म्हणजे मैत्री नाही असं थोडीच असते? माणसाची काही अडचण राहते कधी कधी."

"अडचण फोनवर सांगता येते ना."

"फोन उचलला तर सांगता येते."

"मी तर म्हणते, घरी येऊन सांगावं. पैसेवाल्यांना काय, गाडी आहे, ड्रायव्हर आहे."

"गाडी असली तरी समोर जायची हिंमत व्हायला पाहिजे ना. लाज वाटून राहिली असेल तिला."

मग बजाजनगरवाल्या काकूंनी, "माय वो, चहा थंडा होऊन राहिला," म्हणत सगळ्यांना उठवलं. त्या दिवशी एका बाईची तक्रार आणि दुसरीची माफी, दोन्ही आमच्या देखत मांडल्या गेल्या. कागदोपत्री त्या मुंबईच्या बायकांच्या नावावर होत्या, इतकंच. तेव्हापासून मला असल्या मालिकांवरची मतं ऐकण्यात मालिकेपेक्षा जास्त रस आहे. प्रेक्षक मत देतो तेव्हा तो पडद्याबद्दल बोलतो हा समज सोडून द्यावा. जी बाई म्हणते, "सीमा फारच तोंडाळ आहे बाप्पा," तिच्या घरी एक तोंडाळ जाऊ आहे. जी म्हणते, "भावना सगळ्यांना सांभाळून घेते," तिला आयुष्यभर सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागलेलं आहे आणि ते कुणी तोंडावर म्हटलेलं नाही.

एका गोष्टीवर मात्र आमच्यात जवळपास एकमत झालं, आणि तेच मला खटकलं. दुसऱ्या हंगामात महीपनं सांगितलं की लग्नाच्या सुरुवातीच्या काळात नवऱ्याचं पाऊल घसरलं होतं, ती तान्ह्या मुलीला घेऊन घराबाहेर पडली होती, आणि मग विचार करून परत आली. हे तिनं फार नाट्य न करता सांगितलं. आमच्या भिशीत त्यावर चर्चा झाली ती अशी: सांगायला नको होतं. इतक्या वर्षांनी कशाला? मुलं मोठी झाली आता. कॅमेऱ्यासमोर? पैशासाठी माणूस काय काय करते. परत आली हे चुकलं. परत आली हे बरोबर केलं, पण मग सांगितलं हे चुकलं. बाईनं काय काय केलं आणि त्यातलं काय काय चुकलं याची यादी होत गेली. संजय कपूरचा उल्लेख सबंध दुपारभरात एकदा झाला, तोही "तो बिचारा" असा.

हे नागपूरचंच वैशिष्ट्य आहे असं समजू नका. या प्रकारच्या दूरदर्शनाची आजी म्हणता येईल अशी मालिका 'ॲन अमेरिकन फॅमिली' १९७३ च्या जानेवारीत अमेरिकेत दाखवली गेली. सांता बार्बरातल्या लाउड कुटुंबाच्या घरात १९७१ मध्ये कॅमेरे नेऊन चित्रण केलेलं होतं. त्यात पॅट लाउड या गृहिणीनं बाहेरख्याली नवऱ्याला घर सोडून जायला सांगितलं, कॅमेऱ्यासमोर. देशभर लोकांनी मतं दिली. आपल्या घराची दारं कॅमेऱ्याला उघडी करणारी ही कसली बाई, मुलांवर हिचं लक्ष नव्हतं का, असा एकूण सूर. पुढल्या वर्षी पॅटनं पुस्तक लिहून आपली बाजू मांडली. अर्धं शतक उलटलं, पर्स महागल्या, कॅमेरे लहान झाले, प्रश्न विचारायचा तो बाईलाच हे ठरलेलं राहिलं.

सीमाच्या पाटीच्या बाबतीत मात्र भिशी फुटली. 'बॉलीवूड वाइव्ह्ज'च्या त्याच दुसऱ्या हंगामात तिनं दारावरच्या पाटीवरून 'खान' काढलं आणि आपलं नि दोन मुलांचं नाव लावलं. घटस्फोटाचा अर्ज त्याच वर्षी झाला होता. मोठ्या मुलाला पाटी बदलणं रुचलं नव्हतं, हेही दाखवलं. आमच्यातल्या अर्ध्या मुलाच्या बाजूनं, अर्ध्या सीमाच्या. तेव्हा इतका वेळ गप्प असलेल्या बँकवाल्या ताई म्हणाल्या, "आमच्या दारावर अजून यांचीच पाटी आहे. ते जाऊनही वर्षं झाली. माझं नाव टाकायचं राहूनच गेलं." कर्ज काढून फ्लॅट घेतला तो त्यांनी, हप्ते फेडले ते त्यांच्या पगारातून. हे ऐकल्यावर कुणी सीमाबद्दल काही बोललं नाही.

मराठीत या प्रकाराला सगळ्यात जवळचं काय असेल तर 'बिग बॉस'चं घर. तिथे श्रीमंतांच्या पार्ट्या नाहीत, कणीक आणि भांडी यांवरून भांडणं आहेत, पण निकाल देण्याची रीत तीच. विदर्भाचा माणूस आत असला की आम्ही निःपक्षपाती राहत नाही; २०१९ मध्ये अमरावतीचा शिव ठाकरे जिंकला तेव्हा इथे घरचं कार्य असल्यासारखं झालं होतं. त्याच हंगामात हिंगणघाटची वैशाली माडे होती, गायिका म्हणून तिचं नाव मोठं, पण 'आपली पोरगी' म्हणून तिच्यामागे तसा गजर झाला नाही. २०२४ च्या पाचव्या हंगामात निक्की तांबोळी आणि वर्षा उसगावकर यांचं सुरुवातीलाच वाजलं. 'गंमत जंमत'मधल्या, 'महाभारता'तल्या उत्तरेच्या भूमिकेतल्या वर्षाताईंना वयानं निम्मी मुलगी उलट बोलते, याचा आमच्या भिशीला जो राग आला तो मी दुसऱ्या कशाबद्दल पाहिलेला नाही. शनिवार-रविवारच्या 'भाऊच्या धक्क्या'वर रितेश देशमुख काय सुनावतो याची वाट बघत बसायच्या सगळ्या. प्रत्येकीला कुणीतरी घरात तसं बोललेलं होतं आणि तिथे सुनावणारा भाऊ नव्हता.

आणि आपण नागपूरकर या बाबतीत नवखे नाही. श्रीमंत बाईवर निकाल देण्याचं काम हे शहर एकोणिसाव्या शतकापासून करतं आहे, तेही दरवर्षी, रस्त्यावर, ढोलताशे लावून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लहान पोरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात त्याच दिवशी, जुन्या नागपुरात मारबतींची, म्हणजे बाईच्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. पिवळी मारबत १८८५ पासूनची, ती जागनाथ बुधवारीतून तऱ्हाणे तेली समाज काढतो. तिच्या पायाशी बायका तान्ही मुलं ठेवतात. काळी मारबत १८८१ पासूनची सांगतात. इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोघींची भेट होते आणि ती बघायला पाय ठेवायला जागा नसते. बरोबर बडगे असतात, त्या वर्षीच्या पुढाऱ्यांवर, महागाईवर, भ्रष्टाचारावर टोमणे मारणारे पुतळे. ईडापिडा, रोगराई, सगळं घेऊन जा गे मारबत, असा ओरडा होतो आणि शेवटी पुतळे जाळतात.

ही काळी मारबत कोण? कुणी पूतना म्हणतात, पण आम्ही लहानपणापासून ऐकलं ते बाकाबाई. दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी. ती इंग्रजांना मिळाली, तिनं दगा दिला, म्हणून तिची मारबत. निकाल असा एका ओळीत आहे आणि लोकांना पाठ आहे.

आता त्या बाईचं आयुष्य बघा. नवरा १८१६ मध्ये वारला. सावत्र मुलगा परसोजी गादीवर आला आणि १८१७ च्या फेब्रुवारीत त्याचा खून झाला. त्याच वर्षअखेर सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली, परसोजीनंतर गादीवर आलेले आप्पासाहेब भोसले हरले. मग तिसरे रघूजी लहान वयात गादीवर बसले, बाकाबाई त्यांची पालक आणि खरी सत्ता इंग्रज रेसिडेंटच्या हातात. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी पुत्राविना गेले आणि डलहौसीनं राज्य खालसा केलं. त्यानंतर जे झालं ते इंग्रज इतिहासकार जॉन के यानंच लिहून ठेवलं आहे. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात कवडीमोलानं विकले. वाड्यातलं सामान बाहेर काढायला माणसं आली तेव्हा म्हातारी बाकाबाई म्हणाली, सामान हलवलं तर वाडा पेटवून देईन. सामान हलवलंच. दागिने कलकत्त्याच्या बाजारात गेले. म्हणजे राणीवशाचं जे कुणी कधी बघितलं नव्हतं ते सगळं चारचौघांत मांडलं गेलं, भाव लावला गेला, आणि शहर बघत उभं राहिलं.

१८५७ च्या जूनमध्ये टाकळीच्या घोडदळाचा उठाव फसला. सत्तरी ओलांडलेल्या बाकाबाईनं घराण्याला उठावापासून दूर ठेवलं, जो सामील होईल त्याला मीच इंग्रजांच्या हवाली करेन असा धाक घातला. हे तिनं केलं, यात शंका नाही, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्या वर्षी नागपुरात जे घडलं नाही त्याला ती एकटी जबाबदार होती काय? लिलावात बोली लावणारे कोण होते? स्वस्तात बैलजोडी मिळाली म्हणून घरी घेऊन गेलेले कोण होते? त्यांची मारबत निघत नाही, काढणार कोण? एका शहराला स्वतःबद्दल जे बोलवत नव्हतं ते त्यानं एका श्रीमंत म्हाताऱ्या बाईच्या अंगावर घातलं आणि वर्षावर्षाला ते जाळून मोकळं होण्याची सोय केली. आमच्या भिशीत महीपवर जो निकाल लागतो त्याची जात हीच आहे. फरक असेल तर इतकाच की महीपला याचे पैसे मिळतात.

मी मारबत बघायला जाते, पुढेही जाईन. बडगे तर मला फार आवडतात, इतका बेधडक विनोद आता दुसरीकडे उरलेला नाही. पण काळी मारबत समोरून जाते तेव्हा हल्ली मला वाड्याच्या दारात उभी राहून सामान नेऊ नका म्हणणारी बाई आठवते, आणि ओरडणाऱ्यांबरोबर माझा आवाज निघत नाही.

तर मग हे सगळं बघायचं सोडावं का? आमच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक सांगतात, हे श्रीमंतीचं ओंगळ प्रदर्शन आहे, बायकांना भांडकुदळ दाखवायचा धंदा आहे. दोन्ही आरोप मला मान्य आहेत. तिसरा हंगाम तर त्या मानानं फारच पोकळ होता. मुंबईच्या बायकांची मैत्री खरोखरची जुनी आहे, त्यांच्या भांडणाला मागचा इतिहास आहे. दिल्लीच्या तिघींना आणून समोरासमोर बसवलं म्हणजे वैर होत नाही, त्यासाठीही आधी माया लागते. गंमत अशी की त्यातल्या शालिनी पासीला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं, कारण बाकीच्या तापत असताना ती तापत नव्हती. भांडणं दाखवायला आणलेली बाई न भांडण्यामुळे लोकप्रिय झाली.

तरी मी बघते, आणि पडद्यांसाठी बघते हे पूर्ण उत्तर नाही. पन्नाशीला आलेल्या किंवा ती ओलांडलेल्या बायका एकमेकींच्या मैत्रिणी आहेत, एवढ्याच कारणासाठी पडद्यावर आहेत, हे मला दुसरीकडे कुठे बघायला मिळतं? मराठी मालिका लावून बघा. सासू आहे, नणंद आहे, थोरली जाऊ आहे. 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये एकीला सहा सासवा होत्या. बाईचं प्रेम आणि वैर दोन्ही नात्यातच, उंबऱ्याच्या आत. २०१६ साली सुरू झालेल्या 'माझ्या नवऱ्याची बायको'ची राधिका आमच्या नागपूरची दाखवली होती. नाशिकच्या अनिता दाते हिनं ती केली. आपली बोली तिला बरोबर येते की नाही यावर इथे घरोघर वाद झाले. त्या राधिकेला रेवतीसारखी मैत्रीण होती, हे त्या मालिकेचं मला सगळ्यात आवडलेलं अंग, आणि त्याबद्दल कुणी बोलताना मी ऐकलं नाही. सगळे नवऱ्याबद्दल आणि त्याच्या प्रेयसीबद्दल, शनायाबद्दल बोलायचे. २०२१ च्या नोव्हेंबरात 'झिम्मा' आला, सहलीत भेटलेल्या अनोळखी बायकांचा. जून २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा नऊवार नेसून बायकांचे जथेच्या जथे थिएटरात गेले, आमची भिशीही गेली. पण 'बाईपण'मधल्या सहाजणी पुन्हा बहिणीच. नात्यातलं भांडण मिटवायला आपल्याकडे सोय आहे: लग्न निघतं, मानपान होतो, कुणी आजारी पडतं, मोठं माणूस मध्ये पडतं. मैत्रिणीशी फाटलं तर मध्ये पडायला कुणी नाही. मानाची साडी नाही, रुसवा काढायचा विधी नाही. 'अहो' म्हणत म्हणत माणसं लांब जातात आणि घरच्यांच्या ते लक्षातही येत नाही.

महीप-नीलमच्या मंडळींना पुढचं चित्रण ठरलेलं असतं. कराराप्रमाणे त्यांना पुन्हा एका टेबलाशी बसावं लागतं, आणि बसल्यावर बोलावं लागतं. ते विकत घेतलेलं बोलणं असेल. तरी त्यात एखादी, "तू त्या दिवशी आली नाहीस, मला वाईट वाटलं," असं सरळ म्हणते, दुसरी ऐकून घेते. लक्ष्मीनगरवाल्यांना आणि त्रिमूर्तीनगरवाल्यांना हे वाक्य एकमेकींना म्हणता आलं असतं तर त्यांना महीपची गरज लागली नसती.

मराठी वाहिन्यांवर कथा लिहिणारी जी मंडळी आहेत त्यांच्यासाठी म्हणून हे लिहिते आहे. श्रीमंती दाखवायची तर दाखवा, पैठण्या आणि बंगले आहेतच तुमच्याकडे. पण पुढच्या मालिकेतल्या नायिकेला एक मैत्रीण द्या. बहीण नको, जाऊ नको, शेजारीण चालेल. त्या दोघींचं खरंखुरं बिनसू द्या, त्यात दोघींचीही थोडी थोडी चूक ठेवा, आणि मिटवायला नवऱ्याला पाठवू नका. नागपूरची बोली हवी असेल तर आमची भिशी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते.